जीवसृष्टीचें गणित आणि विद्यार्थ्यांस संशोधनाची संधि



शालान्त परीक्षेचा निकाल हातीं पडला म्हणजे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत घरोघरीं एकच प्रश्न विचारला जातो : गणित घ्यावयाचें कीं जीवशास्त्र? वैद्यकाकडे जाऊं इच्छिणारा मुलगा गणित सोडून मोकळा होतो. यंत्रशास्त्राकडे जाऊं इच्छिणारी मुलगी जीवशास्त्राचें पुस्तक रद्दींत घालते. दोघांचीही समजूत अशी कीं, हीं दोन शास्त्रें एकमेकांस अनोळखी आहेत. एकांत बेडूक व पानें, दुसऱ्यांत अक्षरें व आंकडे. ही समजूत खरी नाहीं, आणि तिच्यापायीं पुष्कळ बुद्धिमान मुलें पंधराव्या-सोळाव्या वर्षींच एक दार आपल्या हातानें लावून घेतात, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्या दारापलीकडील शास्त्राचें नांव जैवगणित. त्यांत विद्यार्थ्यास लवकर प्रवेश मिळूं शकतो, आणि त्याच्या इतिहासांतील एक अत्यंत प्रसिद्ध पान आपल्या मुंबईच्या आंकड्यांवर लिहिलें गेलें आहे.

१. जैवगणित म्हणजे काय?

सजीवांसंबंधीं पडणाऱ्या प्रश्नांचीं उत्तरें गणिताच्या साह्यानें शोधणारें शास्त्र तें जैवगणित. जीवशास्त्रज्ञ विचारतो, "हें कसें घडतें?" गणिती विचारतो, "किती, केव्हां व कोणत्या वेगानें?" हे दोन्ही प्रश्न एकत्र आले म्हणजे ह्या शास्त्राचा प्रारंभ होतो. घेतलेलें औषध रक्तांत किती तास टिकतें, अरण्यांतील एकाद्या प्राण्याची संख्या किती खालीं गेली म्हणजे त्याचा वंश धोक्यांत येतो, एका गांवची साथ दुसऱ्या गांवीं केव्हां पोहोंचेल, हे सर्व त्याचेच विषय होत.

अशी प्रयोगशाळा पाहावयास गेलेल्या मुलाची प्रथम थोडी निराशा होण्याचा संभव आहे. रंगीत द्रव्यांच्या बाटल्या किंवा चकचकीत यंत्रें तेथें असतीलच असें नाहीं. एक मोठा फळा, कांहीं संगणक, वाचावयाच्या निबंधांचे गठ्ठे आणि फळ्यासमोर उभीं राहून वाद घालणारीं तीनचार माणसें, एवढेंच पुष्कळदां तिचें स्वरूप असतें. परंतु ह्यांतच विद्यार्थ्याच्या लाभाची गोष्ट आहे. जेथें महागडीं उपकरणें लागत नाहींत तेथें नवख्या मुलाच्या हातीं काम सोंपविण्यास गुरुजनांस फारशी भीति वाटत नाहीं. फळ्यावरील चूक पुसून टाकतां येते.

२. मुंबईच्या प्लेगचे आंकडे

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. पुढील वर्षांत ह्या रोगानें मुंबई इलाख्यांत जो अनर्थ मांडला त्याच्या गोष्टी कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पुण्यांत रोग्यांची शुश्रूषा करितांना सावित्रीबाई फुले ह्यांस त्याची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. त्याच वर्षीं जानेवारींत वॉल्डेमार हाफकिन ह्यांनीं मुंबईस प्लेगची लस सिद्ध करून ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळची त्यांची संस्था १९२५ पासून त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांसंबंधींचा कायदा झाला. त्यानें आगगाडीच्या उतारूंची तपासणी करण्याचा व संशयितांस वेगळें ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला. पुण्याची व नाशिकची वाट जेथें फुटते त्या कल्याणच्या लोकांस अशा कलमाचा अर्थ काय होतो हें समजावून सांगावयास नको.

प्लेग एका वर्षांत गेला नाहीं. तो पुनःपुन्हां येत राहिला. मुंबईंत दर आठवड्यास किती माणसें त्यानें दगावलीं ह्याची नोंद होत असे. त्या नोंदींपैकीं १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंतच्या आंकड्यांस पुढें जगाच्या शास्त्रीय वाङ्मयांत कायमचें स्थान मिळालें. तें कसें, हें आतां पाहूं.

अँडरसन मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानांतील वैद्यकीय नोकरींत बरींच वर्षें घालविलेले डॉक्टर होते. कसौलीच्या पाश्चर संस्थेचे ते प्रमुख होते. गणिताचा अभ्यास त्यांनीं बव्हंशीं स्वतःच्या प्रयत्नानें केला. १९२० नंतर ते एडिंबरोच्या एका प्रयोगशाळेंत काम करूं लागले. तेथेंच विल्यम केरमॅक नांवाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ सालीं प्रयोग करितांना स्फोट झाला व वयाच्या २६ व्या वर्षीं केरमॅक ह्यांचे दोन्ही डोळे गेले. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. सहकाऱ्यांकडून निबंध वाचून घ्यावे व समीकरणें मनांत मांडावीं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. ह्या दोघांनीं १९२७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत साथींच्या गणिती उपपत्तीवर एक निबंध प्रसिद्ध केला. आपलें सूत्र वास्तवास कितपत जुळतें हें दाखविण्यासाठीं त्यांनीं मुंबईचे ते आंकडे घेतले. सूत्राप्रमाणें प्लेग सतराव्या आठवड्याच्या सुमारास शिखरास पोहोंचावयास हवा होता व त्या वेळीं आठवड्यास सुमारें ८९० मृत्यु व्हावयास हवे होते. सूत्राची वक्ररेषा आणि प्रत्यक्ष नोंदींचे ठिपके एकाच आलेखावर मांडले तेव्हां ते एकमेकांस फार जवळून जुळले.

साथीच्या गणिताचें शिक्षण देणाऱ्या जगांतील असंख्य वर्गांतून हा आलेख काढला जातो. त्यावरील प्रत्येक ठिपका म्हणजे मुंबईच्या चाळींतून एका आठवड्यांत निघालेल्या प्रेतयात्रा होत, हें मात्र त्या आलेखाकडे पाहतांना विसरूं नये.

३. साथ कां ओसरते?

ह्या सूत्राचें मर्म शाळेंतील मुलास समजण्याजोगें आहे. गांवांतील सर्व लोक तीन गटांत वांटले आहेत असें समजा. पहिला गट, ज्यांस रोग अजून झालेला नाहीं पण होऊं शकेल त्यांचा. दुसरा, जे सध्यां रोगी आहेत त्यांचा. तिसरा, जे बरे होऊन पुन्हां तो रोग न होण्याजोगे झाले, अथवा मरण पावले, त्यांचा. पहिल्या गटांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत माणसें कोणत्या वेगानें जातात, हें लिहिणें म्हणजेच तें समीकरण.

आतां एक उदाहरण घेऊं. एक रोगी बरा होण्यापूर्वीं सरासरी तिघांस रोग देतो असें माना. आरंभीं गांवांत सगळेच पहिल्या गटांतले; म्हणून एकाचे तीन, तिघांचे नऊ, नवांचे सत्तावीस असे रोगी वाढत जातात. परंतु दोनतृतीयांश लोकांस रोग होऊन गेला म्हणजे काय होईल? तोच रोगी पूर्वींप्रमाणेंच तिघांच्या संपर्कांत येईल, पण त्यांपैकीं दोघे तिसऱ्या गटांतले निघतील. रोग लागेल तो एकासच. एक रोगी गेला, एक आला. संख्या वाढलीही नाहीं व घटलीही नाहीं. हेंच साथीचें शिखर. त्यानंतर उतार लागतो.

येथें ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही कीं, साथ ओसरूं लागते तेव्हां रोग न झालेलीं माणसें संपलेलीं नसतात. ह्या उदाहरणांत तृतीयांश लोक अजून शिल्लक आहेत. रोगाला पुढचा माणूस वेळेवर सांपडत नाहीं, एवढेंच घडतें. ह्यावरूनच लसीचा हिशेब निघतो. दोनतृतीयांश लोकांस आधींच लस टोंचली तर हा रोग गांवांत मुळीं पसरूंच शकणार नाहीं. एक रोगी जितक्यांस रोग देतो त्या संख्येनें एकास भागावें व तो भागाकार एकांतून वजा करावा. जें उरेल तितका भाग सुरक्षित असला पाहिजे. गोवराच्या बाबतींत ही संख्या १२ ते १८ धरितात. १५ धरली तर १५ पैकीं १४, म्हणजे शेंकडा ९३ हून अधिक मुलें सुरक्षित असावयास हवींत. गोवराच्या लसीपासून थोडींशीं मुलें वगळलीं तरी साथ कां उद्भवते, ह्याचें उत्तर ह्या एका भागाकारांत आहे.

हिंवतापाच्या बाबतींत असाच विचार रोनाल्ड रॉस ह्यांनीं पूर्वींच मांडला होता. डांस व हिंवताप ह्यांचा संबंध त्यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस शोधून काढला. पुढें, "सगळे डांस मारणें कधींच शक्य नाहीं, मग हा खटाटोप कशाला?" असा आक्षेप निघाला. रॉस ह्यांनीं गणितानें दाखविलें कीं, सगळे डांस मारण्याची गरजच नाहीं. त्यांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखालीं आणली कीं हिंवताप आपोआप मावळतो. फुटक्या कुंडींतलें पाणी ओतून देणाऱ्या मुलाच्या श्रमास ह्या सिद्धांताचा आधार आहे.

४. रेषा जुळली म्हणून कारण सांपडलें काय?

ह्या शास्त्रांतील खरी शिस्त येथून पुढें सुरू होते. प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांमुळें पसरतो. पॉल-लुई सिमाँ ह्यांनीं हें १८९८ सालीं प्रतिपादन केलें व १९०५ पासून मुंबईंत काम करणाऱ्या संशोधक मंडळाच्या प्रयोगांनीं त्यास पुष्टि मिळाली. परंतु वर सांगितलेल्या सूत्रांत उंदीर नाहीं व पिसूही नाहीं! तरी रेषा जुळली. मग तें सूत्र खरें म्हणावें काय?

२०१२ सालीं निकोलस बकाएर ह्या फ्रेंच गणितज्ञानें हे आंकडे पुन्हां तपासले. मुंबईंत प्लेग वर्षानुवर्षें सुमारें त्याच ऋतूंत चढे व त्याच ऋतूंत उतरे, ह्या गोष्टीवर त्यानें बोट ठेविलें. तेव्हां १९०६ च्या उन्हाळ्यांत मृत्यु कमी झाले ते रोग होण्याजोगीं माणसें कमी उरलीं म्हणून, कीं ऋतु पालटला म्हणून? ऋतूचा परिणाम हिशेबांत घेतल्यावांचून ह्या साथीचा उलगडा होत नाहीं, असें त्याचें म्हणणें. केरमॅक व मॅकेंड्रिक ह्यांचा सर्वसामान्य विचार त्यामुळें टाकाऊ ठरत नाहीं. मात्र त्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तितकेंसें बळकट नाहीं, असें दिसून येतें. एका पिढीनें काढलेली रेषा दुसऱ्या पिढीनें आदरपूर्वक पण निर्भयपणें तपासावी, ह्याचा हा नमुना होय.

दुसरी शिस्त आंकड्यांच्या खरेपणाची. प्लेगच्या काळीं घरांची झडती होई व रोग्यास बळेंच हलवीत; म्हणून लोक रोगी लपवीत व मृत्यूचें कारणही लपवीत. जेथें अधिकाऱ्यांवर लोकांचा विश्वास नसतो तेथें आंकडे खोटे होतात, आणि खोट्या आंकड्यांवर केलेलें उत्तम गणितही निष्फळ ठरतें.

तिसरी शिस्त सरासरीची. २०२० सालीं कोरोनाच्या साथींत जुलै महिन्यांत मुंबईच्या तीन विभागांत लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. झोपडपट्ट्यांत शेंकडा ५७ जणांच्या रक्तांत रोग होऊन गेल्याची खूण आढळली. इतर वस्त्यांत शेंकडा १६ जणांच्या. ह्या दोन संख्यांची सरासरी काढली तर जी संख्या येते ती दोहोंपैकीं एकाही वस्तीचें खरें चित्र दाखवीत नाहीं. ह्याच कारणास्तव त्या वर्षीं टाटा मूलभूत संशोधन संस्था व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था येथील शास्त्रज्ञांनीं संगणकांत जणूं एक शहरच वसविलें. त्यांतल्या प्रत्येक काल्पनिक माणसास घर दिलें, कामाची जागा दिली, प्रवासाची गाडी दिली, आणि निर्बंध घातले किंवा उठविले तर साथ कशी वागेल हें पाहिलें. सकाळीं डोंबिवलीहून निघून सायंकाळीं परतणाऱ्या माणसाला तीन महापालिकांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात. रोगालाही त्या तितक्याच सहज ओलांडतां येतात.

५. पुण्यांतील एक उदाहरण

जैवगणित म्हणजे केवळ साथींचें गणित नव्हे. १९४३ सालीं अमेरिकेंत सेल्मन वाक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शात्झ ह्या विद्यार्थ्यानें मातींतील एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरील औषध मिळविलें. त्या जंतूच्या कुळास स्ट्रेप्टोमायसेस म्हणतात. ह्या कुळापासून पुढें शेंकडों जंतुनाशक द्रव्यें सांपडलीं. तथापि १९७० नंतरच्या दशकांत शिखर गांठल्यावर नव्या द्रव्यांची संख्या घटत गेली. भांडार रितें झालें, असें पुष्कळांस वाटूं लागलें.

खरोखर भांडार रितें झालें होतें, कीं शोधणारेच कंटाळले होते? पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणारे मिलिंद वाटवे व त्यांचे तीन सहकारी ह्यांनीं ह्या प्रश्नावर २००१ सालीं निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या वर्षीं किती द्रव्यें सांपडलीं ह्याच्या प्रसिद्ध नोंदी त्यांनीं मोजल्या व त्यांस गणिती सूत्र लावून पाहिलें. त्यांनीं दोनच गोष्टी गृहीत धरल्या : गेल्या वर्षीं यश आलें तर यंदा शोध करणारे अधिक उत्साहानें शोधतात, आणि नवें द्रव्य सांपडण्याचा संभव किती द्रव्यें अद्याप दडलेलीं आहेत ह्यावर अवलंबून असतो. हिशेब असा निघाला कीं, ह्या एका कुळांत सुमारें एक लक्ष जंतुनाशक द्रव्यें असावींत व त्यांचा अगदीं अल्प भाग उजेडांत आला आहे. घट झाली होती ती शोधाच्या प्रयत्नांत, भांडारांत नव्हे.

पदवीच्या विद्यार्थ्यांस संशोधनांत सामील करून घेणारे शिक्षक म्हणून वाटवे ह्यांची ख्याति आहे. संशोधन हें केवळ मोठ्या राष्ट्रीय संस्थांचें काम असून सामान्य महाविद्यालयानें परीक्षेपुरतेंच शिकवावें, ह्या समजुतीस हें उदाहरण चोख उत्तर आहे.

पुण्याचेच माधव गाडगीळ फर्ग्युसन महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकले, मुंबई विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन हार्वर्डला गेले, व प्राणी आणि वनस्पति ह्यांच्या परस्परसंबंधांचें गणित हा विषय घेऊन १९६९ सालीं आचार्य झाले. सह्याद्रीच्या रक्षणासंबंधीं पुढें त्यांचें नांव सर्वांस परिचित झालें. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यानें गणिताचा हात धरिला म्हणजे तो कोठवर जातो, हें त्यांच्या चरित्रावरून दिसतें.

६. विद्यार्थी तेथें काय करितो, व संधि कोठें मिळते?

पदवीचा विद्यार्थी उन्हाळ्यांत दोन महिने अशा प्रयोगशाळेंत गेला तर त्याचा क्रम साधारणपणें असा असतो. पहिले पंधरा दिवस वाचनांत जातात. एकेक निबंध दोनतीन वेळां वाचावा लागतो. नंतर एक लहानसा प्रश्न त्याच्या स्वाधीन करितात. आंकडे गोळा करणें, त्यांतील चुका व उणिवा शोधणें, संगणकास समजेल अशा भाषेंत हिशेब लिहिणें, आणि आलेख काढून तो प्रत्यक्षाशीं ताडून पाहणें, हें त्याचें काम. आठवड्यांतून एकदां मार्गदर्शकासमोर व इतर विद्यार्थ्यांसमोर उभें राहून काय केलें, काय जमलें नाहीं, हें सांगावें लागतें. रोजच्या कामाची वही ठेवावी लागते व तींत फसलेला प्रयत्नही खोडून न टाकतां नोंदवावा लागतो. शेवटीं अहवाल. दोन महिन्यांत मोठा शोध लागतो असें नव्हे. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नाहीं त्याच्याशीं कसें झगडावें, हें त्याला कळूं लागतें.

शाळेंतील मुलांकरितां १९९३ सालीं सुरू झालेली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आहे. १० ते १७ वर्षांच्या मुलांनीं आपल्याच परिसरांतील प्रश्न निवडून त्यावर प्रकल्प करावा, ही तिची पद्धति. सहावी व नववीच्या मुलांकरितां असलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेंतही प्रकल्पास स्थान आहे. मानखुर्द येथें १९७४ सालीं स्थापन झालेलें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र कल्याण-डोंबिवलीच्या मुलास कुर्ल्यास गाडी बदलली कीं गांठतां येतें; पदवीच्या विद्यार्थ्यांस संशोधनाची गोडी लावणारा उपक्रमही तें चालवितें.

बारावीनंतर ज्यांस शास्त्राचाच मार्ग धरावयाचा आहे त्यांच्यासाठीं पुण्यास पाषाण येथें २००६ सालीं स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत शेवटचें वर्ष संशोधनास दिलेलें असतें. तिच्या प्रवेशपरीक्षेंत जीवशास्त्र, रसायन, गणित व भौतिक ह्या चारही विषयांचे प्रश्न असतात; ज्यानें अकरावींतच एक विषय टाकला त्यास तितकी तूट सोसावी लागते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील आवारांत २००७ पासून मूलभूत विज्ञानाचें जें केंद्र अणुऊर्जा विभागाच्या साह्यानें चालतें, तेथेंही असाच पांच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. इतर महाविद्यालयांतील पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं बंगलोर, दिल्ली व अलाहाबाद येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ति व टाटा संस्थेचा उन्हाळी उपक्रम हे दोन मार्ग ध्यानांत ठेवावेत. अर्ज उन्हाळ्याच्या पुष्कळ आधीं करावा लागतो. म्हणून दिवाळीपासूनच चौकशी सुरू करावी. अर्जांत "मला विज्ञानाची फार आवड आहे" असें मोघम न लिहितां आपण कोणता प्रश्न हाताळला, तो कसा हाताळला व कोठें अडलों, हें चार सरळ वाक्यांत लिहावें.

पालकांस एक सूचना करावीशी वाटते. नांवाजलेल्या संस्थांच्या अशा शिष्यवृत्त्यांत विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाहींत. उलट त्यास निर्वाहापुरती रक्कम देतात. भारी शुल्क आकारून आठ दिवसांत "संशोधनाचें प्रमाणपत्र" देऊं म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्या कागदापेक्षां घरीं भरलेली आंकड्यांची एक प्रामाणिक वही अधिक मोलाची समजावी.

७. आजच करण्याजोगा एक अभ्यास

मासुंदा तलावांत मासे किती? सगळे पकडून मोजणें शक्य नाहीं. जैवगणितांत ह्यास एक सोपी युक्ति आहे. कांहीं मासे पकडावे, त्यांस खूण करून पुन्हां सोडावे, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां पकडून त्यांत खुणेचे किती आले तें पाहावें.

हीच युक्ति घरीं चवळीच्या दाण्यांवर करून पाहा. एका डब्यांत न मोजतां चवळी घाला. त्यांतील ४० दाणे काढून त्यांवर शाईचा ठिपका द्या व वाळल्यावर परत डब्यांत टाका. डबा चांगला हलवा. आतां न पाहतां ५० दाणे काढा. समजा, त्यांत ५ दाणे ठिपक्याचे निघाले. म्हणजे काढलेल्यांपैकीं दहावा हिस्सा ठिपक्याचा. तेव्हां डब्यांतही ठिपक्याचे दाणे एकंदरीच्या दहाव्या हिश्शाइतके असावेत. ते ४० आहेत, म्हणून एकंदर दाणे सुमारें ४००. हा प्रयोग दहा वेळां करा व दहाही उत्तरें लिहून ठेवा. तीं सारखीं येणार नाहींत. मग सगळे दाणे मोजा आणि कोणतें उत्तर किती चुकलें तें पाहा.

ह्यानंतर खरा अभ्यास सुरू होतो. डबा नीट हलविला नाहीं तर काय होईल? तलावांतील मासे असे आपोआप मिसळतात काय? एकदां पकडलेला मासा दुसऱ्यांदा जाळ्याजवळ येईल, कीं भिऊन दूर राहील? खूण पाण्यानें धुऊन गेली तर आपलें उत्तर वाढेल कीं घटेल? ह्या प्रश्नांचा विचार करणारा मुलगा जैवगणिताच्या उंबरठ्यावर उभा आहे. ठाण्याच्या खाडीवर हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तिचा कांहीं भाग २०१५ सालीं अभयारण्य ठरला व २०२२ सालीं रामसर यादींत गेला. दूरवर पसरलेला तो गुलाबी थवा कसा मोजावा, हाही असाच एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या दाराशीं आहे.

पालकहो, मुलास वैद्य करावें, यंत्रशास्त्रज्ञ करावें, ही आपली इच्छा योग्यच आहे. परंतु ज्याचें मन पानाच्या शिरांतही रमतें व भागाकारांतही रमतें, अशा मुलास किंवा मुलीस दोहोंपैकीं एक विषय टाकावयास लावूं नये. अकरावींत चारही शास्त्रविषय घेतां येतात. दोन वर्षें श्रम अधिक पडतील खरे. पण साथींचा अंदाज, औषधांचा शोध, पिकांचें रक्षण व अरण्यांची गणना ह्या सर्व ठिकाणीं दोन्ही भाषा जाणणारीं माणसें हवीं आहेत, आणि तीं तयार होण्यास ह्याच वयांत आरंभ व्हावा लागतो.

स्वाध्याय

१. एक रोगी सरासरी पांच जणांस रोग देतो. साथ पसरूं नये म्हणून गांवांतील शेंकडा किती लोक सुरक्षित असले पाहिजेत?

२. चवळीच्या प्रयोगांत ठिपक्याचे दाणे ६०, दुसऱ्या खेपेस काढलेले ४० व त्यांत ठिपक्याचे ८ निघाले. डब्यांत एकंदर दाणे किती असावेत? खरे दाणे ह्याहून बरेच अधिक निघाले, तर त्याचीं दोन संभाव्य कारणें सांगा.

३. आपल्या इमारतींत किंवा आळींत पाणी सांचून राहणाऱ्या जागा चार आठवडे, दर रविवारीं, मोजून तक्ता करा. पाऊस पडल्यानंतर ही संख्या किती दिवसांनीं बदलते? जो रविवार चुकला असेल त्याची जागा अंदाजानें न भरतां कोरी ठेवा.